मुलाला घर मिळण्याचा हक्क

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



महाराष्ट्रात दत्तक हा शब्द उच्चारला की प्रथम आठवतात त्या गाद्या. साताऱ्याची गादी डलहौसीने १८४८ साली खालसा केली ती दत्तक नामंजूर करून. १८५४ मध्ये झाशीची तीच गत झाली. बडोद्याचे सयाजीराव १८७५ साली नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याहून दत्तक गेले आणि कोल्हापूरचे शाहू महाराज १८८४ साली कागलच्या घाटगे घराण्यातून. शाळेतल्या इतिहासाने शिकविलेला दत्तक तो हा. या साऱ्या कथांच्या केंद्रस्थानी गादी आहे आणि मूल हे ती चालविण्याचे साधन आहे. राजवाड्यात जे घडले तेच लहान प्रमाणात वतनदाराच्या वाड्यात आणि शेतकऱ्याच्या घरात घडत आले. वंशाला दिवा हवा, पिंडदानाला हात हवा, सातबाऱ्याला नाव हवे, म्हणून भावकीतला मुलगा मांडीवर घ्यायचा. घर कोणाला हवे आहे, हा प्रश्न त्या व्यवहारात कोणी विचारीत नसे.

तो प्रश्न त्याच काळात पुण्यात एका दांपत्याने विचारला होता. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसलेल्या विधवेने तेथे यावे, बाळंत व्हावे, आणि मूल नेणे न नेणे तिच्या इच्छेवर असावे, अशी ती व्यवस्था होती. १८७४ साली अशाच एका ब्राह्मण विधवेचा मुलगा या दांपत्याने दत्तक घेतला. तो यशवंत. जात वेगळी, रक्त वेगळे आणि समाजाच्या लेखी जन्मही कलंकित. या मुलाला त्यांनी वाढविले, डॉक्टर केले, आणि १८८७ च्या मृत्युपत्रात जोतीरावांनी त्याला आपला वारस ठरविले. १८९७ च्या प्लेगात रोग्यांची शुश्रूषा करताना सावित्रीबाईंना मृत्यू आला, तेव्हा त्या कामात डॉक्टर म्हणून हा यशवंतच त्यांच्या बरोबर होता. मुलाला घर मिळावे म्हणून दत्तक घ्यावयाचा असतो, हा विचार महाराष्ट्राला परका नाही. तो विचार समाजाची रीत झाला नाही, एवढेच.

कायदा या विचारापर्यंत फार सावकाश आला. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने मुलगीही दत्तक घेता येईल असे ठरविले, हे पुढचे पाऊल खरे. पण घरात मुलगा असेल तर दुसरा मुलगा घेता येणार नाही आणि मुलगी असेल तर दुसरी मुलगी घेता येणार नाही, अशी अट त्यात आहे. वारसाची उणीव भरून काढणे हाच दत्तकाचा हेतू, हे या अटीने उघड केले. विवाहित स्त्रीला स्वतःच्या नावाने दत्तक घेण्याचा अधिकार पतीच्या संमतीने का होईना, मिळावयास २०१० साल उजाडावे लागले. मुसलमान, ख्रिस्ती, पारशी आणि ज्यू नागरिकांना १८९० च्या पालकत्वाच्या कायद्याखाली केवळ पालक होता येई, आई-बाप होता येत नसे. सर्वांसाठी एकच दत्तक कायदा करण्याकरिता १९७२ साली विधेयक आले. धार्मिक विरोधापुढे ते टिकले नाही आणि १९७८ साली मागे घेण्यात आले. १९८० च्या विधेयकाचेही कायद्यात रूपांतर झाले नाही.

परदेशी दत्तक देण्याच्या नावाखाली चाललेल्या गैरप्रकारांविषयी लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. त्यावर १९८४ साली न्यायमूर्ती भगवती यांनी जो निकाल दिला, त्याने मुलाचे हित ही पहिली कसोटी ठरविली आणि परदेशाचा विचार करण्यापूर्वी देशातच कुटुंब शोधले पाहिजे असा दंडक घातला. पुढे २००० सालच्या बालन्याय कायद्याने धर्माची अट न ठेवता दत्तकाचा मार्ग खुला केला, आणि हा मार्ग कोणत्याही धर्माच्या व्यक्तीला उपलब्ध आहे असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली शबनम हाश्मी यांच्या याचिकेवर स्पष्ट केले. आज २०१५ चा बालन्याय कायदा लागू आहे. त्यात मूल केंद्रस्थानी आहे. कायद्याच्या पुस्तकात जोतीरावांचा विचार दीडशे वर्षांनी पोहोचला, असे म्हणावयास हरकत नाही.

मग व्यवहारात काय दिसते? दोन रांगा दिसतात. एक रांग मूल हवे असलेल्या आई-बापांची आणि दुसरी घर हवे असलेल्या मुलांची. या दोन रांगा एकमेकींकडे पाठ करून उभ्या आहेत.

संसदेच्या स्थायी समितीने ऑगस्ट २०२२ मध्ये दत्तक व पालकत्वाच्या कायद्यांविषयी अहवाल दिला. त्यात म्हटल्याप्रमाणे डिसेंबर २०२१ मध्ये दत्तकासाठी नाव नोंदवून थांबलेले इच्छुक पालक २७,९३९ होते. २०१७ साली ते १८ हजारांच्या घरात होते. त्याच वेळी संस्थांमध्ये दत्तकयोग्य मानली गेलेली अनाथ, टाकून दिलेली वा आई-बापांनी स्वाधीन केलेली मुले ६,९९६ होती आणि त्यांपैकी कायद्याने दत्तकासाठी मुक्त म्हणून घोषित झालेली केवळ २,४३०. म्हणजे जी मुले दत्तक जाऊ शकतील असे सरकारी यंत्रणाच मानते, त्यांतील दर तिघांपैकी जवळजवळ दोघांचा कागद पुरा झालेला नव्हता. आणि ही सात हजार मुले तरी किती? देशातील बालसंगोपन संस्थांच्या पाहणीचा जो अहवाल २०१८ साली प्रसिद्ध झाला, त्यात ९,५८९ संस्था आणि ३ लाख ७० हजारांहून अधिक मुले मोजली गेली होती. या मुलांपैकी बहुतेकांना कोणी ना कोणी नातलग आहे, ती दत्तकाची मुले नव्हेत, हे खरे. पण वर्षानुवर्षे भेटीलाही कोणी येत नाही अशी मुले त्यांत नाहीत काय? ती किती, याची विचारपूस फार उशिरा सुरू झाली.

गेल्या काही वर्षांत थोडी हालचाल झाली आहे, ती नोंदविणे न्यायाचे होईल. २०१०-११ साली देशात व परदेशात मिळून ६,३२१ मुले दत्तक गेली होती. पुढे ही संख्या घसरत २०२१-२२ मध्ये ३,४०५ वर आली. नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना बजावले, की संस्थांतील अनाथ व टाकलेल्या मुलांचा शोध ठरावीक काळाने घेतला गेलाच पाहिजे आणि प्रत्येक जिल्ह्यात दत्तक देणारी मान्यताप्राप्त संस्था असली पाहिजे. त्यानंतर शोध घेतला गेला तेव्हा २०२४-२५ या एका वर्षात ८,५९८ मुले नव्याने दत्तकाच्या यादीत आली आणि त्या वर्षी ४,५१५ मुलांना घर मिळाले. त्यांतील ४,१५५ देशातच. या आकड्यांचा अर्थ नीट लक्षात घ्या. ही साडेआठ हजार मुले त्या वर्षी आकाशातून पडली नाहीत. ती आधीपासून कुठल्या तरी संस्थेत होती, जेवत होती, शाळेत जात होती, एकेक वर्षाने मोठी होत होती. त्यांच्याविषयी कोणी प्रश्न विचारला नव्हता, म्हणून ती यादीत नव्हती.

मुलाचे वय थांबत नाही. येथे होणारा विलंब हा सरकारी दप्तरातील इतर विलंबांसारखा नाही. रस्त्याचे काम तीन वर्षे लांबले तर तीन वर्षांनी का होईना, रस्ता होतो. मुलाचा कागद तीन वर्षे लांबला तर दोन वर्षांचे मूल पाच वर्षांचे होते आणि पाच वर्षांच्या मुलाला घर मिळणे आपल्या समाजात अतिशय कठीण आहे. नाव नोंदविणाऱ्या बहुतेक पालकांना दोन वर्षांच्या आतले, निरोगी मूल हवे असते. तान्ह्या बाळासाठी त्यांना तीन-साडेतीन वर्षे थांबावे लागते आणि सहा, आठ, दहा वर्षांची मुले, भावंडांच्या जोड्या, अपंग वा आजारी मुले दुसऱ्या बाजूला थांबलेली असतात. तान्हे मूल म्हणजे कोरी पाटी, मोठे मूल म्हणजे कुणाच्या तरी संस्कारांचे ओझे, ही समजूत त्यामागे आहे. तिच्यात रक्ताचा आणि जातीचा जुना विचारच नवे कपडे घालून आला आहे. मुलाचा रंग विचारणारे आणि आडवळणाने जात काढणारे लोक शिकलेल्या वर्गातही कमी नाहीत. एक गोष्ट मात्र समाधानाची आहे. अलीकडच्या वर्षांत दत्तक जाणाऱ्यांत मुलींची संख्या मुलांपेक्षा अधिक असते. टाकून दिल्या जाणाऱ्यांतही मुलीच अधिक असतात, ही या समाधानाची दुसरी बाजू.

कायद्याने मुदती घातलेल्या आहेत. सापडलेले मूल २४ तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे आणले पाहिजे. आई-बापांचा शोध घेऊन, वर्तमानपत्रात निवेदन देऊन, दोन वर्षांपर्यंतच्या मुलाबाबत दोन महिन्यांत आणि त्याहून मोठ्या मुलाबाबत चार महिन्यांत समितीने निर्णय दिला पाहिजे. स्वतः मूल स्वाधीन करणाऱ्या आईला फेरविचारासाठी दोन महिने मिळतात. समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य असतात. महिन्यातून किमान वीस दिवस बसणे त्यांच्यावर बंधनकारक आहे. २०२१ च्या दुरुस्तीने दत्तकाचा अंतिम आदेश न्यायालयाऐवजी जिल्हादंडाधिकाऱ्याने द्यावा असे ठरविले, विलंब टळावा म्हणून. परंतु विलंब शेवटच्या पायरीवर जितका होतो त्याहून पुष्कळ अधिक पहिल्या पायरीवर होतो. पोलिसांचा शोध-अहवाल येत नाही. गृहचौकशीला जाणारा कर्मचारी एक आणि तालुके दहा. समितीची मुदत संपून नवी नेमणूक रखडली की मुलांचे भवितव्यही रखडते. या रखडण्याविरुद्ध मोर्चा निघत नाही, कारण ज्यांचे नुकसान होते त्यांना मत नाही, संघटना नाही आणि त्यांच्या वतीने भांडणारे आई-बापही नाहीत.

तेव्हा भराभर मुले मुक्त घोषित करा आणि वाटून टाका, असे म्हणावयाचे काय? येथे समाजवादी कार्यकर्त्याने थबकले पाहिजे. संस्थेत आलेली पुष्कळशी मुले गरिबीमुळे आलेली असतात. नवरा वारलेली शेतमजूर स्त्री, उसाच्या तोडीला सहा महिने परगावी जाणारे जोडपे, दारूने उद्ध्वस्त झालेले घर, लांबलचक आजारपण. आईने मूल बालगृहात ठेवले ते दोन वेळचे जेवण आणि शाळा मिळावी म्हणून. सोडून दिले म्हणून नव्हे. एसटीचे भाडे आणि एका दिवसाची मजुरी बुडण्याची भीती यांमुळे ती सहा महिने भेटीला आली नाही, तर तिने मूल टाकले असा निष्कर्ष काढणे हा अन्याय होईल. गरिबाचे मूल उचलून सुखवस्तू घरात नेऊन ठेवणे म्हणजे बालकल्याण, अशी जर समजूत झाली तर दत्तक ही वर्गीय लुटीची आणखी एक रीत ठरेल.

ही भीती काल्पनिक नाही. अमेरिकेत १९९७ साली एक कायदा झाला. त्या देशात आई-बापांपासून दूर केलेली मुले बहुधा सरकारी खर्चाने पर्यायी पालकांच्या कुटुंबांत ठेवली जातात. तेथे ती वर्षानुवर्षे एका घरातून दुसऱ्या घरात फिरत राहतात, अशी तक्रार होती. नव्या कायद्याने सांगितले, की मूल मागील २२ महिन्यांपैकी १५ महिने असे बाहेर राहिले असेल, तर काही अपवाद वगळता राज्याने आई-बापांचे हक्क संपविण्यासाठी न्यायालयात गेले पाहिजे. दत्तकांची संख्या वाढविणाऱ्या राज्यांना केंद्राकडून बक्षीस-रक्कमही मिळू लागली. अशा मुलांचे दत्तक १९९७ साली सुमारे ३१ हजार होते, ते २००० साली ५१ हजारांच्या आसपास गेले. हे यश लहान नव्हे. पण त्याची दुसरी बाजूही पुढे आली. हक्क गमावणाऱ्या आई-बापांत गरीब आणि कृष्णवर्णीय यांचे प्रमाण लोकसंख्येच्या मानाने फार मोठे होते. शिवाय जुने आई-बाप कायद्याने गेले आणि नवे मिळाले नाहीत, अशी हजारो मुले अधांतरी राहिली. कायद्यानेच ती अनाथ केली.

त्याच देशाच्या अनुभवातून एक उपयुक्त गोष्टही शिकण्यासारखी आहे. तेथे अशी मुले दत्तक घेणारे बहुतेक लोक म्हणजे त्या मुलांना आधीपासून सांभाळणारे पर्यायी पालक किंवा नातलग असतात. मोठ्या मुलाला अनोळखी माणसाने यादीतून निवडणे कठीण. पण ज्या घरात ते दोन वर्षे राहिले, भांडले, रुसले, आजारी पडले, त्या घराला ते सोडवत नाही. शिवाय १९८० च्या कायद्यापासून तेथे अपंग वा मोठ्या वयाचे मूल दत्तक घेणाऱ्या कुटुंबाला सरकारी मदत चालू राहते. दत्तक घेतले म्हणजे राज्याची जबाबदारी संपली, असे मानले जात नाही.

भारतात या वाटेचा आरंभ झाला आहे. बालन्याय कायद्यात पर्यायी कुटुंबात संगोपनाची तरतूद आहे. सहा वर्षांवरील मुलांसाठी ही व्यवस्था प्रामुख्याने योजलेली आहे. अशा कुटुंबाला ते मूल दत्तक घ्यावयाचे असेल तर पूर्वी पाच वर्षे थांबावे लागे. २०२२ पासून ही मुदत दोन वर्षांवर आली. २०२४ च्या मार्गदर्शक सूत्रांनी एकट्या व्यक्तीलाही असे पालक होता येईल असे ठरविले. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत या संगोपनासाठी मुलामागे दरमहा ४,००० रुपयांची तरतूद आहे. परंतु अशी कुटुंबे मोजकीच आहेत. योजना आहे हेच गावाला माहीत नाही.

तेव्हा या प्रश्नाकडे पाहण्याचा क्रम निश्चित केला पाहिजे. पहिला हक्क मुलाच्या स्वतःच्या घराचा. केवळ गरिबीमुळे कोणतेही मूल आईपासून तुटता कामा नये. महाराष्ट्राची बालसंगोपन योजना यासाठीच आहे. एकल वा आजारी पालकांच्या मुलांना मिळणारे अनुदान २०२३ साली दरमहा १,१०० वरून २,२५० रुपये करण्यात आले. योजनेला सावित्रीबाईंचे नावही देण्यात आले आहे. महागाईच्या मानाने ही रक्कम तुटपुंजी आहे, आणि तीही वेळेवर हातात पडली पाहिजे. बालगृहात मूल ठेवण्यावर सरकार जेवढा खर्च करते तेवढा त्या मुलाच्या आईच्या हाती द्यावयास सरकारचा हात का आखडतो, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

दुसरा हक्क नातलगांच्या घराचा; आजी, मावशी, काका यांना आधार देऊन. हे दोन्ही मार्ग प्रामाणिकपणे चोखाळून झाले, आईला खरोखर मदत देऊन पाहिली, आणि तरीही घर उभे राहिले नाही, तर मग मात्र एक दिवसही वाया जाता कामा नये. तेथून पुढे मुलाला नव्या घराचा हक्क आहे. संस्था म्हणजे धर्मशाळा. तेथे मुक्काम असावा, आयुष्य नव्हे. आईला वेळ द्यावयाचा तो मदतीसह द्यावयाचा. मदतीवाचून दिलेला वेळ हा आई आणि मूल दोघांचीही फसवणूक आहे.

कार्यकर्त्यांनी काय करावे? करण्यासारखे बरेच आहे आणि त्यासाठी सत्ता हाती येण्याची वाट पाहावयास नको. आपल्या जिल्ह्याची बालकल्याण समिती कोठे बसते, पूर्ण आहे की अपुरी, महिन्यात किती दिवस बसते, हे माहीत करून घ्यावे आणि जागा रिकाम्या असतील तर निवेदने द्यावीत. जिल्ह्यातील बालगृहांत वर्षभर कोणीही भेटीला न आलेली मुले किती, त्यांच्या घरची चौकशी केव्हा झाली, एवढी आकडेवारी माहितीच्या अधिकारात मागावी. मुलांची नावे मागू नयेत आणि कळली तरी उच्चारू नयेत. मुलाची ओळख ही त्याची ठेव आहे. वाडीवस्तीवरील एकल मातांचे बालसंगोपनाचे अर्ज भरून द्यावेत आणि रक्कम हाती पडेपर्यंत पाठपुरावा करावा. शिक्षक, निवृत्त कर्मचारी, मुले मोठी होऊन घर रिकामे झालेली जोडपी यांच्यापुढे पर्यायी पालकत्वाचा विचार मांडावा. चळवळीतील कुटुंबांनी त्याला आरंभ केला तर उत्तम.

आणखी एक काम अवघड आहे, तरी टाळता येणार नाही. खेड्यापाड्यांतून, खाजगी इस्पितळांतून मूल परस्पर 'देण्याचे' प्रकार चालतात. देणारा उपकार केल्याच्या भावनेत असतो, घेणारा कृतज्ञ असतो, मध्ये पैसा फिरतो. मूल विकणे वा विकत घेणे याला पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरीची शिक्षा आहे आणि इस्पितळाचा माणूस त्यात असेल तर किमान तीन व कमाल सात वर्षांची. पण केवळ शिक्षेचा धाक पुरणार नाही. संकटात सापडलेल्या अविवाहित मुलीला कायद्याने, गुप्तता राखून, कोणी न हिणवता मूल समितीच्या स्वाधीन करता येते, हे तिला सांगणारे माणूस गावात असले पाहिजे. जोतीरावांनी १८६३ साली पुण्यात केले ते याहून वेगळे नव्हते.

शेवटची गोष्ट मनोवृत्तीची. दत्तक घेणे हे पुण्यकर्म आहे, अनाथावर उपकार आहे, असे बोलले जाते. ही भाषा सोडून दिली पाहिजे. उपकाराखाली वाढलेले मूल आयुष्यभर आभार मानीत राहते आणि आभार मानणारे मूल त्या घरचे कधीच होत नाही. आठ वर्षांचे मूल घरात येते ते स्वतःच्या आठवणी घेऊन येते. ते पहिल्या महिन्यात उशीखाली भाकरी लपवील, रात्री उठून दार लावले आहे की नाही ते पाहील, कधी हट्ट करून तुमची परीक्षा घेईल. या घरातूनही काढून टाकतील काय, एवढेच त्याला जाणून घ्यावयाचे असते. त्याला उत्तर देण्यासाठी धीर लागतो, शेजाऱ्यांची साथ लागते आणि समुपदेशकाची मदत लागते. ती देण्याची जबाबदारी समाजाची व राज्याची आहे. घेणाऱ्या आई-बापांना एकटे सोडले, तर मूल परत संस्थेत येते आणि दुसऱ्यांदा टाकले गेल्याचा घाव पहिल्याहून खोल असतो.

समतेचा विचार कारखान्यात आणि शेतात मांडला जातो, तसा तो घराच्या उंबरठ्यावरही मांडला गेला पाहिजे. कोणत्या पोटी जन्म झाला यावरून माणसाचे जेवण, शिक्षण आणि मान ठरू नये, असे समाजवाद सांगतो. कोणत्या पोटी जन्म झाला यावरून एखाद्याला आई असावी की नसावी हेही ठरू नये. जिल्ह्याजिल्ह्यांतील बालगृहांत आज जी मुले दाराकडे पाहात बसली आहेत, ती पुढच्या वर्षी एका वर्षाने मोठी होतील. काम आहे ते त्यापूर्वी करावयाचे आहे.